चांगला डीजे व्हायला नक्की किती काळ लागतो? (भाच्यासाठी विचारतोय)

उद्यमनगरकर | शनिवार, रात्री ९.४०

भाचा बारावी झाला. डिप्लोमाला नंबर लागतोय, पण पोराचं सगळं चित्त डीजेत. ताई आणि दाजी येऊन गेले आणि 'तू मामा आहेस, तुझं ऐकतो तो' म्हणून घोंगडं माझ्या गळ्यात टाकून गेले. आता मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. गाण्यातलं मला एवढंच कळतं की गणपतीत आमच्या शेडचा पत्रा थरथरतो.

भाच्यानं एका क्लासचं पत्रक आणलंय. 'तीन महिन्यांत प्रोफेशनल डीजे व्हा.' फीचा आकडा ऐकून दाजींनी चहा अर्धा ठेवला. माझ्याकडं टर्नर व्हायला पोरगं येतं, त्याला तीन महिन्यांत धड फेसिंग मारता येत नाही. म्हणून मला त्या पत्रकाचा संशय.

इथं जाणकार बरेच आहेत. शून्यापासून सुरू करून लोकांनी पैसे देऊन बोलवावं इतकं तयार व्हायला खरंच किती काळ लागतो? क्लास लागतो का? आणि सामान आधी घ्यायचं की नंतर? राजकारण आणि मंडळांची भांडणं इथं आणू नका, ही विनंती.

---

पांढरा रस्सा | ९.४८

डीजे व्हायला दोन मिनिटं. पेन ड्राईव्ह लावायचा आणि एक हात वर करायचा.

चांगला डीजे व्हायला किती ते थोर लोक येऊन सांगतीलच. मी वाटी घेऊन बसलोय.

---

शांतता क्षेत्र | ९.५५

त्याला किती दिवस लागतील माहीत नाही. आम्हाला बहिरं व्हायला दहा पुरतात. दरवर्षी.

---

क्रॉसफेडर | १०.३०

उद्यमनगरकर, मी हेच काम करतो. लग्नं, हळदी, कॉलेजची गॅदरिंग, नवरात्रात दांडिया. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लासवाले खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. तीन महिन्यांत बटणं येतात. डावीकडं एक गाणं, उजवीकडं दुसरं, मधे मिक्सर; कुठला नॉब बेस कापतो, क्यू (गाणं जिथून सोडायचं ती खूण) कुठं लावायचा, लूप (तोच तुकडा फिरत ठेवणं) कसा धरायचा, एवढं महिन्याभरात हाताला बसतं. रोज तासभर बसला तर आणखी दोन-तीन महिन्यांत दोन गाण्यांचा वेग कानानं जुळवायला लागेल. एका कानावर हेडफोन, त्यात पुढचं गाणं. दुसरा कान उघडा, त्यात चालू गाणं. आणि पिचचा फेडर, म्हणजे वेगाची सरकपट्टी, केसभर वर, केसभर खाली करत दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायचे. जुळलं नाही की 'ठक' ऐवजी 'ठटक्, ठटक्' ऐकू येतं. सुरुवातीला ते 'ठटक्' ऐकूच येत नाही, हीच तर अडचण. ते ऐकू यायला लागलं की निम्मं काम झालं.

त्यापुढची पायरी सुरू होते तिथं क्लासची फी संपलेली असते. नाचायचं संगीत बहुतेक ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं, चार-चारचे आठ. नवं गाणं तुकड्याच्या तोंडावर सोडलं तर नाचणाऱ्याला बदल झाल्याचं कळतही नाही. मधेच सोडलं तर पाय अडखळतो, आणि का अडखळला ते त्यालाही सांगता येत नाही. दोन्ही गाण्यांचा बेस एकाच वेळी चालू ठेवला तर नुसता गाळ होतो, म्हणून एकाचा काढत काढत दुसऱ्याचा द्यायचा. हे सगळं अंगवळणी पडून एकट्याच्या जिवावर लग्न सांभाळायला वर्ष-दीड वर्ष धरा.

आणि समोरची माणसं कळायला? हळदीत पुढं नाचणारी पोरं काहीही लावलं तरी नाचतात. त्यांच्याकडं बघायचंच नाही. बघायचं खुर्च्यांकडं. नवरीची आत्या बसल्या जागी पायातली चप्पल हलवायला लागली की पुढचं गाणं तिचं. ती उठली की तिच्यामागं पाच-सहा जणी उठतात, आणि बायका आल्या की कार्यक्रम लागला. त्या गेल्या की पाच मिनिटांत पुरुषही पांगतात. हे समजायला मला चार-पाच सीझन लागले, आणि अजूनही एखादं घर असं भेटतं की रात्रभर काही केल्या कुणी उठत नाही.

---

बटणदाबे | १०.४१

कानानं जुळवायचं वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. सिंक बटण आहे की आता. दाबलं की दोन्ही गाणी एका वेगात. उगा पोराला घाबरवू नका.

---

पांढरा रस्सा | १०.४३

आयडी बघून प्रतिसाद दिला असं समजायचं का?

---

हलगीवाला | १०.५८

बटणदाबे, सिंक चांगलंच आहे, मीबी वापरतो. पण ते चालतंय कधी, तर गाणं कॉम्प्युटरवर केलेलं असंल तर. आपल्याकडं लग्नात म्हाताऱ्या माणसांसाठी जुनी हिंदी गाणी लागतात. ती अख्खा वाद्यवृंद समोर बसवून वाजवलेली. मुखड्याला मिनिटाला १०८ ठोक्यांचा वेग असंल तर अंतऱ्याला ११२ होतोय, परत येताना १०९. सॉफ्टवेअर पट्टीनं सरळ रेघा मारतंय आणि गाणं वाकडं चालतंय. तिथं हातच लागतो.

दुसरं म्हणजे कोळीगीतं. त्यांचा ठेका सहाचा. सॉफ्टवेअरला ते लई वेळा कळतच नाही. १०० चं गाणं १५० म्हणून दाखवतंय, त्यावर सिंक दाबलं की काय ऐकू येईल ते बघा एकदा. सहाच्या ठेक्यातनं चारच्या ठेक्यात यायचं तर मोठा ठोका कुठला ते आधी अंगात पाहिजे. मी पोरपणापासनं हलगी वाजवतोय म्हणून मला ते शिकायला लागलं नाही. दांडपट्ट्याचा खेळ चालू असताना खेळणाऱ्याच्या हाताकडं बघत लय वाढवायची, त्याची दमछाक दिसली की उतरवायची. हेच तुम्ही आता गर्दी वाचणं म्हणताय.

भाच्याला विचारा, ताल कुठला वाजवतोस का. लेझीम खेळला असंल तरी चालंल. तसलं पोरगं निम्म्या वेळात तयार होतं.

---

क्रॉसफेडर | ११.०४

हलगीवाला +१. सहाच्या ठेक्याचं मी लिहायचंच विसरलो. पुण्या-मुंबईहून आलेले भारी भारी डीजे आपल्याकडच्या वरातीत तिथंच घसरतात.

---

जुनी तबकडी | ११.२०

सिंकवरून वाद निघाला म्हणून थोडा इतिहास. झोप येत असेल तर पुढं सरका.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग. कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, आणि हिप-हॉपचा जन्म लोक त्या रात्रीपासून मोजतात. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यातला एक छोटासा नुसता तालाचा तुकडा आला की पोरं पेटतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा एकीवरून दुसरीवर लांबवत न्यायची पद्धत त्यानं पाडली. पुढं ग्रँडमास्टर फ्लॅशनं तबकडीवर खडूनं खुणा करून तो तुकडा अचूक पकडायचं तंत्र बसवलं.

टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ सालचं. मोटर थेट तबकडीखाली, पट्टा नाही, त्यामुळं हातानं थांबवून सोडलं तरी लगेच वेग पकडायचं. १९७९ च्या सुधारित मॉडेलमध्ये वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आली, अधिक-उणे आठ टक्क्यांची. आजच्या बहुतेक कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायच्या यंत्रावर, उजव्या हाताला जी पट्टी असते ती तिचीच नात. पायोनियरचं सीडीजे-१०००, म्हणजे डीजेंसाठीचं सीडी वाजवायचं यंत्र, आलं २००१ मध्ये, मग तबकड्यांचं ओझं गेलं.

त्या काळी नुसत्या जुळवणीतच वर्ष-दोन वर्षं जायची. पण एक फायदा होता. प्रत्येक रेकॉर्ड पैसे मोजून घ्यावी लागायची, म्हणून जेवढ्या असतील तेवढ्या तोंडपाठ असायच्या. आता पोरांकडं पेन ड्राईव्हवर हजारो गाणी असतात आणि एकाचाही दुसरा अंतरा कुठं सुरू होतो ते ठाऊक नसतं. माझं मत विचाराल तर भाच्याला सांगा, शंभर गाणी निवड. वर्षभर तेवढीच.

---

बटणदाबे | ११.२६

शंभर गाण्यांत लग्न कसं निघणार काका? एका हळदीत दोनशे फर्माइशी येतात.

---

जुनी तबकडी | ११.३१

त्यातल्या १८० एकाच गाण्याच्या असतात.

---

टॉप-बेस | ११.५०

वर सगळी हळदी-बिळदीचं बोलाय लागलीत. मिरवणुकीचं कुणी बोलंना. कोल्हापुरात डीजे म्हटलं की लोकास्नी डॉल्बी आठवते, दांडिया न्हवं.

ट्रॉलीवर सिस्टिम, मागं जनरेटर. मिरजकर तिकटीला संध्याकाळी लागलेली गाडी पापाच्या तिकटीला कधी पोचंल ते देवाला ठाऊक. पुढं एक मंडळ, मागं एक मंडळ, दोन्हीकडनं आवाज अंगावर येतोय. असल्या ठिकाणी जनरेटरचा व्होल्टेज पडला की अँप क्लिप मारतोय, म्हंजे ताकदीबाहेर जाऊन आवाज फाटतोय, आणि क्लिप मारला की टॉपचे, म्हंजे वरच्या बारीक आवाजाच्या स्पीकरचे, पडदे जातात. लाल लाईट लागला की आवाज खाली घ्यायचा, एवढं शिकायला किती वर्षं लागतात इचारा. शिकायला एक दिवस. करायला आयुष्य, कारण खाली पोरं 'वाढीव, वाढीव' म्हणून बोंबलत असतात आणि सुपारी त्यांनीच दिलेली असते.

बेसची दहा खोकी लावली म्हणून दहाचा आवाज येत न्हाई. एका खोक्याची प्लस-मायनस उलटी लागली तर ते शेजारच्याचा बेस खाऊन टाकतंय. हे कानानं ओळखणारा माणूस माझ्या बघण्यात पाच-सहाच. त्यातला एकबी क्लासला गेलेला न्हाई. सगळी पोरं आधी वायरी उचलणारी.

---

क्रॉसफेडर | रविवार, सकाळी ८.१५

टॉप-बेस दादा, मान्य. पण ते काम साउंडवाल्याचं झालं. मिरवणुकीत एकच गाणं तासभर फिरतं, मधे मधे भोंगा आणि मंडळाचं नाव. त्यात मिक्सिंग कुठं आहे? उद्यमनगरकरांचा भाचा नक्की काय व्हायला निघालाय ते आधी विचारायला पाहिजे. गाणी वाजवणारा, गाणी बनवणारा आणि सिस्टिम लावणारा, ही तीन वेगळी कामं आहेत. पोस्टरवर तिघांनाही डीजेच म्हणतात.

---

टॉप-बेस | ८.३२

तुझ्या लग्नात सिस्टिम कोण लावतंय मग? आकाशातनं पडतीय व्हय?

---

क्रॉसफेडर | ८.३५

तुमच्यासारखाच कुणीतरी देवमाणूस. म्हणूनच दादा म्हणतो. 🙏

---

शांतता क्षेत्र | ८.५०

'वाढीव'चं मूळ कुठं आहे ते समजलं, आभार. आमच्या आईला बायपासनंतर घरी आणलं त्या आठवड्यात गल्लीत उद्घाटनाची डॉल्बी होती. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. तुम्ही लोक कला म्हणता त्याला, म्हणा. पण शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी आवाज कमी करायची पट्टी दाखवावी एवढीच अपेक्षा.

---

कान-नाक-घसा | ९.१०

धागा वाचतोय. व्यवसायानं कानाचा डॉक्टर असल्यानं राहवेना.

भाच्यानं किती वर्षं शिकावं यापेक्षा त्याचे कान किती वर्षं टिकतील हा हिशोब आधी करा. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरजवळ १०० सहज ओलांडतं, आणि डीजे त्याच्याही वर हेडफोन चढवून ऐकत असतो.

पहिलं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच आवाजांच्या पट्ट्यात होतं. बोलणं ऐकू येत राहतं, त्यामुळं कळत नाही. कार्यक्रमानंतर रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा. आतल्या कानातल्या त्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, त्याला औषध नाही. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. सगळे सूर सारखेच कमी होतात, गाणं बोदं ऐकू येत नाही. कंट्रोलरच्या आधी ते घ्या. आणि घरी सराव करताना हेडफोनचा आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईल.

---

क्रॉसफेडर | ९.२२

डॉक्टर, हे आमच्यातल्या कुणीच पोरांना सांगत नाही. माझ्याबरोबरचे दोघं आता फोन कायम उजव्याच कानाला लावतात.

---

वकीलीणबाई | १०.०५

कायद्याचंही कुणीतरी सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं (आयडीला नमस्कार), तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभाला १२ वाजेपर्यंत सवलत द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. गुन्हा दाखल होतो तेव्हा मंडळाच्या अध्यक्षाबरोबर सिस्टिमवाल्याचं नावही कागदावर येऊ शकतं आणि सामान जप्त झालं की ते सोडवायला माझ्यासारखीकडं यावं लागतं. पोरानं हे शिकताशिकताच समजून घ्यावं.

गाण्यांच्या परवान्याबद्दल: लग्न आणि लग्नाची वरात यात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे. हॉटेलातला तिकीट लावलेला कार्यक्रम त्यात बसत नाही.

---

पांढरा रस्सा | १०.१२

डॉक्टर झाले, वकील झाले. आता एक सीए येऊन जीएसटी सांगितला की पोरगं आपोआप डिप्लोमाला जाईल.

---

बे एरियातला बाळ्या | १०.४०

इकडं रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहितो. कुठल्याही कलेला दहा हजार तास लागतात असं म्हणतात ना? त्या हिशोबानं काढा.

---

पांढरा रस्सा | १०.४४

रोज एक तास धरला तर २७ वर्षं. भाचा ४५ चा होईल. दाजींना कळवा, उरलेला चहा पण ठेवतील.

---

निवृत्त मास्तर | ११.१५

त्या दहा हजारांचं जरा चुकीचं पसरलं आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या उत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात निघाला. ती सरासरी होती. तेवढे तास भरले की माणूस तयार, असं त्यांनी म्हटलेलं नव्हतं, आणि पुढं एरिक्सननी तसं स्पष्टही केलं. शिवाय ते रियाजाचे तास होते, म्हणजे जे येत नाही तेच पुन्हा पुन्हा करणं. येतं तेच वाजवत बसणं त्यात धरायचं नाही. डीजेच्या बाबतीत मला वाटतं बहुतेक पोरं इथंच अडकतात. दोन गाणी छान जुळतात हे कळलं की रोज तीच दोन.

आपल्या गावात थोर गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. त्या गावच्या पोराला सम कुठं पडते ते ऐकू येऊ नये याचं वाईट वाटतं. देवल क्लबच्या, म्हणजे आपल्या गावातल्या त्या जुन्या संगीत संस्थेच्या, वाटेला गेला नाही तरी चालेल, पण कुणाकडं तरी सहा महिने तबला शिकू द्या. नुसता केरवा आणि दादरा. वर हलगीवाल्यांनी चारचा आणि सहाचा ठेका म्हटलं ते हेच.

---

बटणदाबे | ११.२३

मास्तर, पोरगं डीजे व्हायचं म्हणतंय आणि तुम्ही त्याला मांडी घालून बसवताय.

---

निवृत्त मास्तर | ११.२६

उभ्यानं शिकला तरी हरकत नाही.

---

फेडरवाली | दुपारी १२.५०

या धाग्यावर सगळे 'पोरगं पोरगं' करताय म्हणून हजेरी लावते. मीही डीजे आहे, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात.

क्रॉसफेडरनी दिलेला काळ मला बरोबर वाटतो, पण मुलगी असेल तर त्यात एक गोष्ट वाढवा. सामान लावत असते तेव्हा दर कार्यक्रमात कुणीतरी येऊन विचारतं, 'डीजे कधी येणार?' पहिल्या वर्षी राग यायचा. आता मी म्हणते, 'येतोय, ट्रॅफिकमध्ये आहे,' आणि पहिलं गाणं सोडते.

कामाचं एक सांगते, वर कुणी लिहिलेलं दिसलं नाही. सुरुवातीलाच सगळी गाजलेली गाणी उडवून टाकायची नाहीत. नवशिक्याला भीती वाटते की कुणी नाचलंच नाही तर? म्हणून तो पहिल्या अर्ध्या तासात पत्ते संपवतो. मग नवरा-नवरी हॉलमध्ये येतात तेव्हा हातात काही उरत नाही. पाहुणे येत असतात, जेवणाच्या रांगेत असतात, तेव्हा जे वाजवायचं ते कुणाच्या लक्षातही राहू नये असं पाहिजे. रिकाम्या फ्लोअरसमोर शांत उभं राहायला शिकणं मला वेग जुळवण्यापेक्षा अवघड गेलं.

आणि माईक. जो डीजे माईकवर कमी बोलतो त्याला दुसऱ्यांदा बोलावतात. 'आवाज कुणाचाऽऽ' म्हणून ओरडायला शिकवणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका.

---

हलगीवाला | १.०५

ताई, नादखुळा. 'ट्रॅफिकमध्ये आहे' हे ढापणार मी.

---

उद्यमनगरकर | संध्याकाळी ६.३०

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. सकाळपासून दुकानात बसून वाचतोय.

दुपारी भाच्याला जेवायला बोलावलं होतं. क्रॉसफेडरनी सांगितलं तसं विचारलं, तुला गाणी वाजवायचीत, बनवायचीत का सिस्टिम लावायचीय. पोरगं गप्प. मग म्हणालं, 'मामा, मला गाणी बनवायचीत, पण लोकांना वाटतं डीजे म्हणजे वाजवणारा, म्हणून मी तसं सांगितलं.' मोबाईलवर त्यानं केलेलं एक ऐकवलं. हलगीचा आवाज घरीच डबा वाजवून रेकॉर्ड केलाय म्हणे, आणि खाली बेस टाकलाय. मला काही कळत नाही, पण बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, 'काय लागलंय' म्हणून.

कानाचं मी त्याला ठामपणे सांगितलं. त्यानं डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. डिप्लोमा सोडायचा नाही यावर तोही तयार झाला, कारण गणपती आणि लग्नाचा सीझन सोडला तर मधे कामच नसतं हे त्यालाही माहीत आहे. म्हणजे क्लासचे पैसे वाचले, पण आता नवीन प्रश्न. गाणी बनवायला किती काळ लागतो?

---

पांढरा रस्सा | ६.३३

भाग दोनसाठी नवीन धागा काढा. वाटी रिकामी झाली.

---

जुनी तबकडी | ६.४५

डबा वाजवून रेकॉर्ड केला? पोराला डिप्लोमाला घाला नाहीतर घालू नका, पण त्याच्या हातातला डबा काढून घेऊ नका.

---

क्रॉसफेडर | ७.१०

उद्यमनगरकर, बनवण्याचा हिशोब वेगळा, आणि तो जास्तच लांब आहे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत समजतं. आपण केलेलं गाणं दुसऱ्याच्या गाण्याशेजारी वाजवल्यावर लाज वाटू नये, याला दोन-तीन वर्षं लागतात, तेही रोज बसला तर. पण त्यासाठीसुद्धा त्यानं एक सीझन वाजवणाऱ्याच्या शेजारी उभं राहावं. घरातल्या हेडफोनवर भारी वाटणारा बेस हॉलमध्ये गेला की कुठं गायब होतो ते तिथंच कळतं. आपण बनवलेल्या तुकड्यावर माणसं पाणी प्यायला जातात, हेही तिथंच दिसतं.

सामान आत्ता घेऊ नका. लॅपटॉप असेलच. घ्यायचाच झाला तर दोन चॅनेलचा सुरुवातीचा कंट्रोलर तीस-पस्तीस हजारांच्या आसपास मिळतो, जुना त्याहून स्वस्त. पण तुळशीच्या लग्नानंतर माझ्या तारखा सुरू होतात. शनिवार-रविवारी त्याला माझ्याबरोबर पाठवा. पैसे पहिल्या सीझनला मिळणार नाहीत, जेवण मिळेल. गावाबाहेरचा कार्यक्रम असेल तर पहाटे घरी सोडायची जबाबदारी माझी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर त्यात आहे.

---

टॉप-बेस | ७.१८

आधी त्याला वायर गुंडाळाय येती का बघ. कोपराभोवती गुंडाळली तर आतली तार तुटती. एक वेढा सरळ, एक उलटा, असं घ्यायचं, म्हंजे सोडताना पीळ पडत न्हाई. आमच्याकडं हे येईस्तोवर पोराला अँपला हात लावू देत न्हाईत.

---

उद्यमनगरकर | ७.४०

दाजींना फोन केला. ते म्हणाले, 'पैसे मिळणार नाहीत आणि पहाटे येणार, म्हणजे नोकरीच लागली म्हणायची.' पण नाही म्हणाले नाहीत. वायरीचं आज रात्री दुकानातल्या वेल्डिंगच्या केबलवर शिकवतो त्याला.

---

कान-नाक-घसा | ७.५२

इअरप्लग?

---

उद्यमनगरकर | ७.५५

ते मी घेऊन देणार. मामाकडून.

---

शांतता क्षेत्र | ८.०५

चार मामाकडं शिल्लक राहिले तर आमच्या गल्लीतही पाठवा. आणि क्रॉसफेडर, तुमच्या डिसेंबरच्या तारखा इथंच जाहीर करून टाका, म्हणजे आम्हाला गावाला जायचं नियोजन करता येईल.